लग्नाची डीव्हीडी नेमकी पाठवणीलाच का अडकते?

पाऊस जरा उघडला, नवरात्राआधीची साफसफाई सुरू झाली, की माझ्या दुकानात डिस्क यायला लागतात. कुणी पिशवीतून आणतं, कुणी थेट लग्नाच्या अल्बमच्या खणातून काढून. तक्रार ठरलेली. "दादा, हळद नीट दिसतेय, अक्षता पडल्या, जेवणावळी पण झाल्या, पण पाठवणी आली की थांबूलंय बघा." आधी चित्राचे चौकोन पडतात, मग आवाज तुटतो, मग प्लेअर आतल्या आत खर्र-खर्र करत बसतो आणि शेवटी टीव्हीचा पडदा निळा होतो.

मी बेळगावात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. खानापूरपासून निपाणीपर्यंत आणि पलीकडे चंदगडपर्यंत माझ्या हातच्या डिस्क घरोघरी आहेत. आधी व्हीसीडी दिल्या, मग डीव्हीडी. कॅसेटला बुरशी लागायची, फीत अडकायची, म्हणून लोकांना मीच छातीठोकपणे सांगत होतो की आता काळजी नको, ही डिस्क जन्मभर टिकते. ते सांगणं चुकीचं होतं. डिस्क टिकते, पण ती ठेवायची रीत सांभाळली तर. आणि ती रीत मी कुणालाच सांगितली नव्हती. ती आता लिहून काढतो.

पाठवणीच का?

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाजवळून सुरुवात होते, डिस्क गोल गोल फिरते आणि लेझर हळूहळू कडेकडे सरकतो. म्हणजे देवक, हळद, अक्षता हे सगळं आतल्या भागात येतं आणि लग्नातला शेवटचा प्रसंग डिस्कच्या कडेला जातो. आपण डिस्क धरतो कडेला. डबीतून काढताना वाकते ती कडेला. ओल शिरते तीही कडेनेच. त्यामुळे डिस्क बिघडायला लागली की बहुतेक वेळा आधी पाठवणी जाते.

हे लक्षण म्हणून फार उपयोगी आहे. सुरुवात नीट आणि शेवट तुटक असेल, तर डिस्क कडेने खराब होत आली आहे आणि आतला भाग अजून वाचवता येईल असं समजा. अपवाद ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्कचा. तिच्यात पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत लिहिलेला असतो, म्हणून कड गेली की ती मधेच, जेवणावळीच्या सुमाराला अडकते.

आधी ड्राइव्हवर संशय घ्या

डिस्कला हात लावण्याआधी यंत्र तपासा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी डिस्क धडधाकट निघाल्या, आजारी होता तो घरातला जुना प्लेअर. एखाद्या सिनेमाची विकत घेतलेली छापील डिस्क लावून बघा. तीही अडखळली तर लेझरच्या भिंगावर धूळ आहे किंवा लेझरच थकलाय. छापील चालली आणि आपली चालली नाही, तरी लगेच आपल्या डिस्कला दोष देऊ नका. घरी राईट केलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे थकलेल्या लेझरला छापील डिस्क जमते आणि ही जमत नाही. अजून दोन निराळ्या ड्राइव्हवर लावून बघणं हाच खरा उपाय.

सीडी चालतात पण एकही डीव्हीडी चालत नाही, असंही होतं. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. दोन्ही एकाच खोक्यात असले तरी एक गेला म्हणून दुसरा जात नाही. तेव्हा अशा वेळी दोष नक्की ड्राइव्हचा.

आणखी एक प्रकार घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डिस्कचा. बारशाचं, मुंजीचं शूटिंग लोकांनी त्यावर केलं आणि डिस्क फायनलाइज न करताच, म्हणजे दुसऱ्या यंत्रात चालावी म्हणून शेवटी बंद न करताच, काढून ठेवली. ती संगणकात कोरी दिसते. कोरी दिसली म्हणून फेकू नका आणि तिच्यावर पुन्हा काही लिहू नका. तोच कॅमेरा किंवा त्याच बनावटीचा दुसरा मिळवून त्यात ती फायनलाइज करून घ्या. लॅपटॉपच्या ज्या ड्राइव्हमध्ये डिस्क फटीतून आत ओढली जाते, त्यात ही छोटी डिस्क कधीच घालू नका, अडकून बसते.

डिस्क उजेडात धरा

ड्राइव्ह निर्दोष ठरला की डिस्क हातात घ्या. एक बोट भोकात, अंगठा कडेला. ट्यूबलाइटखाली तिरकी धरून सावकाश फिरवा.

बोटांचे ठसे, चुलीच्या धुराचा किंवा उदबत्तीचा चिकट थर असेल तर तो जातो. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात कालवून मऊ सुती कापडाने पुसा. पुसायचं ते भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं आणि कापडात एक खडा असला, तर जो ओरखडा पडेल तो डेटाच्या रेषेवरून लांबपर्यंत जाईल आणि ड्राइव्हला तो भरून काढता येणार नाही. त्या रेषेला आडवा गेलेला ओरखडा मात्र तो सहज भरून काढतो, कारण चूक दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती प्रत्येक डिस्कवर लिहिलेलीच असते. पदराने, सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. टूथपेस्ट घासायचा उपायही नको.

खालच्या बाजूच्या बारीक रेघांना लोक घाबरतात, वरच्या बाजूकडे कुणी बघत नाही. सीडीच्या बाबतीत हे उलट हवं. सीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते आणि त्यातला डेटा अगदी वर, लेबलाच्या खाली, लाखेच्या पातळ थराच्या आड असतो. वरून बॉलपेनने नाव लिहिलं तरी तो थर दबतो. वरच्या बाजूला टिकलीएवढा पापुद्रा निघाला असेल तर तिथला डेटा गेला. मग खालची बाजू कितीही चकचकीत असो. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि डेटा त्या दोहोंच्या मधे असतो. म्हणून डीव्हीडीला वरच्या ओरखड्याची भीती कमी, पण त्या दोन चकत्यांमधला डिंक कडेला सुटायला लागला की ओल आत शिरते.

ती कशी दिसते ते सांगतो. कडेला नखाएवढा पांढुरका किंवा तपकिरी ढग दिसतो, काही ठिकाणी बुडबुड्यासारखा. प्रकाश परतवणारा परावर्तक थर राईट केलेल्या बहुतेक डिस्कमध्ये चांदीचा असतो. घरातलं चांदीचं पैंजण हवेने काळं पडतं, तसाच हा थर ओलीने आणि गंधकाने खराब होतो. रबरातही गंधक असतं, म्हणून डिस्कच्या गठ्ठ्याला रबरबँड लावून ठेवणं बंद करा.

रंगाकडेही बघा. राईट करायच्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्या रंगात खुणा करतो. हा रंग उन्हाला भितो. आपल्याकडे शेतात पाखरं हाकायला जुन्या सीडी दोरीला बांधून टांगतात. हंगाम संपला की त्यातली एखादी काढून बघा, निळसर-हिरवा रंग उडून ती पांढुरकी काचेसारखी झालेली असते. खिडकीतल्या शोकेसमध्ये ठेवलेल्या डिस्कचं हेच हळूहळू होत असतं.

आणि लेबल. याचा दोष पूर्णपणे आम्हा धंदेवाल्यांचा. नवरा-नवरीचा फोटो छापलेला गोल कागदी स्टिकर आम्ही प्रत्येक डिस्कवर चिकटवून दिला, कारण गिऱ्हाईकाला तो आवडायचा. कागद पावसाळ्यात सादळतो, उन्हाळ्यात आखडतो, आणि दर वर्षी डिस्कला थोडं थोडं ओढतो. डिस्क सपाट काचेवर ठेवून बघा. कड एका बाजूला उचललेली दिसली, तर ड्राइव्हमध्ये फिरताना ती हेलकावे खाते आणि सगळ्यात जास्त हेलकावा कडेलाच, म्हणजे पुन्हा पाठवणीवरच येतो. स्टिकर काढायचा मोह होतो, पण काढू नका. सीडीवरून तो ओढला तर परावर्तक थरासकट निघतो. अशी डिस्क मी दोन काचांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं रचतो, चार-सहा दिवसांनी काढतो आणि अगदी कमी वेगाने वाचून बघतो. दर वेळी जमत नाही, पण जमतं तेव्हा तेवढ्या एका वाचनात काम उरकून घ्यायचं असतं.

वाचवायची कशी

डिस्क अडकायला लागली की ती पुन्हा पुन्हा लावून बघणं थांबवा. प्लेअरमध्ये नाहीच, आणि संगणकातही फाइली ओढून कॉपी करायला जाऊ नका. एका खराब जागी कॉपी थांबली की विंडोज त्या फाइलचं पुढचं सगळं सोडून देतं. आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे आयएसओ, काढायची. मी त्यासाठी लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरतो, तो फुकट आहे. सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या एका तुकड्याचा, आकार २०४८ बाइट द्यायचा. आधी चांगला भाग तो पटापट उचलतो, खराब जागा बाजूला ठेवतो, मग त्यांच्याकडे पुन्हा वळतो. काय मिळालं आणि काय राहिलं याची नोंद तो मॅपफाइलमध्ये ठेवतो. या नोंदीमुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेल्या जागांपुरतंच काम पुढे चालू ठेवता येतं. ज्या जागा एका ड्राइव्हला वाचता येत नाहीत, त्यातल्या बऱ्याच दुसऱ्याला येतात. विंडोजवर हे काम आयसोबस्टरने होतं.

दोन वर्षांमागची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या बाजूच्या एक काकी आल्या. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी. नवरा मधल्या काळात गेला होता. त्यांनी मला सांगितलं, "आमचे हे कधी फोटोला उभं राहिले न्हाईत. पोरगी निघाली तेवढ्या टायमाला गाडीजवळ बोलताना आलेत, तेवढाच त्यांचा आवाज हाय." तो भाग अर्थातच शेवटचा. डिस्क उजेडात धरली तर कडेला सगळीकडून तपकिरी झाक आणि कुबट वास. मातीच्या भिंतीत बसवलेल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ती ठेवलेली होती. चार ड्राइव्ह बदलले. प्रत्येक ड्राइव्हने थोडं थोडं जास्त दिलं, पण शेवटची सुमारे सात मिनिटं कुणालाच वाचता येईना.

मग मी काकींना विचारलं, दुसरी प्रत कुठे आहे? आम्ही लग्नाच्या डिस्क नेहमी जोडीने देतो, एक मुलीकडच्यांना, एक मुलाकडच्यांना. दोन्ही एकाच प्रतिमेवरून लिहिलेल्या असतात, म्हणजे एकीचा अमुक नंबरचा सेक्टर आणि दुसरीचा तोच सेक्टर अक्षरशः एकसारखे. व्याही होते निपाणीच्या बाजूला. काकींनी तिथूनच विहीणबाईंना फोन लावला, आणि आठवड्याने जावई स्वतः डिस्क घेऊन आले. ती डिस्क आतल्या बाजूला पोरांनी खेळून खरवडलेली होती. नुसती चालवायला गेलो असतो तर सुरूसुद्धा झाली नसती. पण कड स्वच्छ होती. मी तीच मॅपफाइल देऊन डीडीरेस्क्यूला ही दुसरी डिस्क दाखवली. राहिलेल्या जागा भरत गेल्या, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला राहिलेल्याचा आकडा शून्य झाला. काकी मागे स्टुलावर बसलेल्या होत्या. गाडीजवळचा तो भाग लावला. ते मुलीला एवढंच म्हणाले होते, "पोचलीस की फोन कर." काकींनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मी लावला.

त्या दिवसापासून कुणीही डिस्क घेऊन आलं की मी पहिलं हेच विचारतो, दुसरी प्रत कुणाकडे दिली होती?

खानापूरची ओल, अथणीचं ऊन

बेळगावची हवा थंड, म्हणून डिस्कला इथे धोका नाही, असं मलाही वाटायचं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, उन्हाळासुद्धा फार कडक नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी सांभाळण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. तिच्यात दीर्घकाळ ठेवायच्या डिस्कसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितली आहे. तापमानाच्या बाबतीत आपण वर्षातले बरेच दिवस त्याच्या आसपास असतो. मार आहे तो आर्द्रतेचा. जुलैत आर्द्रता ९० च्या घरात जाते आणि आठवडेच्या आठवडे खाली येत नाही. पापड सादळतात, काड्यापेटी पेटत नाही, चपलेवर बुरशी धरते. मग डिस्क कशी सुटेल? तिचं पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकही थोडा ओलावा शोषतंच.

आणि हा जिल्हा एकसारखा नाही. मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीकडे, जांबोटीकडे पावसाचं माप वेगळं आणि कृष्णेकाठच्या अथणी-रायबागकडे वेगळं. खानापूरकडच्या डिस्कना ओल आणि बुरशी लागते. अथणीकडच्या डिस्क वाकलेल्या, रंग उडालेल्या आणि धुळीने खरवडलेल्या येतात, कारण तिकडे त्या पत्र्याच्या खालच्या माळ्यावर नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डवर असतात. दोन्हीकडे सल्ला एकच देऊन चालत नाही. अथणीवाल्याला मी सांगतो, घरातली सगळ्यात गार आणि अंधारी खोली शोध. खानापूरवाल्याला सांगतो, घरातली सगळ्यात कोरडी जागा शोध.

बुरशी ही डिस्कवर खरंच चढते. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातल्या एका सीडीवर संशोधकांना अशी बुरशी सापडली, जी कडेने आत शिरून आतला धातूचा थर खात गेली होती. आपल्याकडे मी पाहतो ती बहुतेक वरवरची असते, बोटांच्या तेलावर वाढलेली. ती धुतली की जाते. पण तशीच राहू दिली तर पुढच्या पावसाळ्यात वाढते.

मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती एका गोष्टीची. कॅमेऱ्याच्या लेन्सला फंगस लागतो हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेन्स आम्ही झाकणबंद डब्यात, ओल शोषणारं सिलिका जेल घालून जपत होतो. त्याच टेबलावर लोकांच्या लग्नाच्या डिस्क पातळ पाकिटात घालून वाटत होतो. डिस्कलाही तोच डबा हवा, हे सुचायला मला फार वर्षं लागली.

तर डबा. किराणा-धान्य ठेवायचा, रबरी कडा असलेला झाकणबंद प्लॅस्टिकचा डबा चांगला. डिस्क प्रत्येकी स्वतःच्या कडक डबीत, पुस्तकांसारख्या उभ्या. आडव्या रचल्या तर वर्षांनुवर्षांच्या वजनाने वाकतात. मऊ पाकिटं, कागदी लिफाफे आणि एकमेकींवर रचलेला गठ्ठा, हे तिन्ही नको. ओलीत डिस्क त्यांना चिकटते. डबीतले छापील कागद काढून डब्याबाहेर वेगळे ठेवा, कागद ओल धरून ठेवतो. डबीतून डिस्क काढताना मधलं बटण दाबा आणि मग उचला. कडेला धरून ओढली की डीव्हीडीच्या दोन चकत्या वाकतात आणि डिंक सुटायची सुरुवात तिथूनच होते.

सिलिका जेल निळं मिळतं आणि नारिंगी मिळतं. ओल पिऊन झाली की निळं गुलाबी होतं आणि नारिंगी हिरवट होतं. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते आरोग्याला चांगलं नाही, म्हणून घरात लहान पोरं असतील तर नारिंगीच घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून ते पुन्हा कोरडं करता येतं. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत मंद आचेवर, पण ती कढई परत स्वयंपाकाला घेऊ नका. आणि पूर्ण निवल्याशिवाय ते डब्यात घालू नका. डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. ४० च्या आसपास आकडा राहिला की उत्तम, ५० च्या वर गेला की जेल बदलायची वेळ झाली. डबा भर पावसात उघडू नका. मी तो मृगाआधी बंद करतो तो दिवाळीनंतरच उघडतो.

डबा ठेवायचा कुठे? बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर नको. भिंतीतल्या कपाटात नको, विशेषतः ज्या भिंतीला पावसात ओल फुटते तिथे. लोखंडी कपाटात कपड्यांशेजारी ठेवणार असाल तर त्यातल्या डांबरगोळ्या काढा. पारदर्शक डब्या बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात आणि ते प्लॅस्टिक त्या गोळ्यांच्या वाफेने मऊ, चिकट होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा लोकांनी चिखलाने माखलेल्या डिस्क फेकून दिल्या. फेकायला नको होत्या. चिखल वाळायच्या आत डिस्क स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात बुडवून हलवायची, घासायची नाही. मग सावलीत उभी करून वाळवायची, उन्हात नाही. आणि पूर्ण वाळल्यावर ताबडतोब कॉपी करायची, कारण कडेने शिरलेलं पाणी पुढे काम करत राहतं.

नवीन प्रत काढताना

वाचवलेली प्रतिमा पुन्हा साध्या स्वस्त डिस्कवर लिहून त्याच कपाटात ठेवली, तर दहा वर्षांनी पुन्हा हाच प्रसंग येईल. पुसून पुन्हा लिहायच्या आरडब्ल्यू डिस्क तर साठवणीसाठी वापरूच नका. एम-डिस्क नावाचा प्रकार आहे. त्याच्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा अजैविक थर असतो, त्यावर लिहायला त्याला जुळणारा रायटर लागतो, पण वाचायला साधा ड्राइव्ह चालतो. बनवणाऱ्यांनी हजार वर्षांचा दावा केला. मी तेवढं धरून चालत नाही, पण रंग उडायची भीती त्यात नाही हे खरं. ब्लू-रे घेणार असाल तर ‘एलटीएच’ असं लिहिलेली टाळा, तिच्यात सेंद्रिय रंगच असतो.

४.७ जीबीची डिस्क संगणकावर ४.३८ दिसते. मी आता लग्नाचं शूटिंग ४ च्या पुढे भरत नाही. कड मोकळी सोडतो. पाठवणी शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये कोंबायची नाही, गरज पडली तर दुसरी डिस्क घ्यायची. लिहिण्याचा वेग मधला ठेवतो, लिहून झालं की व्हेरिफाय करतो, म्हणजे मूळ प्रतिमेशी ताडून बघतो, आणि वर स्टिकर नाही. नाव लिहायचंच असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने.

डिस्कवर जागा उरते तिथे मी डीव्हीडिझास्टर या मोफत प्रोग्रॅमने चूक दुरुस्तीची जादा माहिती भरतो. डिस्कचा काही भाग पुढे वाचता आला नाही, तरी त्या माहितीवरून तो पुन्हा जुळवता येतो. माझ्या मते साठवणीच्या डिस्कवर मोकळ्या जागेचा याहून चांगला उपयोग नाही.

दिवाळीनंतरचा एक दिवस

डिस्क एका दिवसात मरत नाही, पण आपल्याला कळतं मात्र एका दिवसात, कारण मधे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की डबा काढा. डिस्क गार जागेतून आली असेल तर तासभर खोलीच्या हवेला राहू द्या, म्हणजे तिच्यावर दव धरणार नाही. मग प्रत्येक डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत संगणकावर वाचून घ्या. नुसता मेन्यू दिसला म्हणून ठीक समजू नका, मेन्यू आतल्या बाजूला असतो. लिहिताना प्रतिमेचा शा-२५६ चेकसम, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारी ओळखखूण, काढून वहीत लिहून ठेवलेला असेल तर तो जुळवून बघा. ड्राइव्ह साथ देत असेल तर नीरो डिस्कस्पीडसारख्या प्रोग्रॅमने चुकांचं मोजमाप होतं. डीव्हीडीत सलग आठ ब्लॉकांमधल्या पीआय चुका, म्हणजे वाचताना आलेल्या आणि ड्राइव्हने दुरुस्त करायच्या चुका, २८० च्या आत असाव्या लागतात. एका वर्षीचा आकडा महत्त्वाचा नाही, तो दर वर्षी वाढतोय का ते महत्त्वाचं. गेल्या वर्षी कडेला ३० होता आणि यंदा १५० झाला, तर डिस्क अजून नीट चालत असतानाच तिची नवी प्रत काढा.

एक प्रत हार्ड डिस्कवर, आणि एक प्रत या घराबाहेर, या हवेबाहेर. आपल्याकडे घराघरातलं कुणी ना कुणी पुण्याला, गोव्याला नाहीतर मुंबईला आहेच. दिवाळीला ते आले की जाताना फराळाच्या डब्याबरोबर एक हार्ड डिस्क द्या.

आणि ड्राइव्हसुद्धा साठवणीचाच भाग धरा. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह येत नाही. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत राईट करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. उद्या डिस्क उत्तम अवस्थेत असेल आणि वाचायला यंत्र नसेल, तर काय करणार? यूएसबीवर चालणारा एक चांगला ड्राइव्ह आत्ताच घ्या, जमल्यास दोन, आणि तोही त्याच कोरड्या डब्यात ठेवा.

माझ्याकडे डिस्क आणणार असाल तर डबीत घालून आणा, खिशात नाही. घरी पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आणि निघायच्या आधी व्याह्यांना एक फोन करा, त्यांची प्रत कुठल्या कपाटात आहे ते विचारून ठेवा.